ओटा कुठे बांधावा: काळ्या मातीतल्या परसासाठी

"भाऊ, थे भीत अन् हा ओटा एकमेकायले बांधू नका. काळी माय हाये. थे हालते."

अमरावतीला आमच्या घरामागे पहिला ओटा बांधायला काढला तेव्हा एका म्हाताऱ्या मजुरानं हे सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला घट्ट चिकटवून विटांचा ओटा केला, वर शहाबादी फरशी घातली. मे महिन्यात संध्याकाळी सातला त्या फरशीवर पाय ठरत नव्हता. दोन पावसाळे गेले आणि भिंत न् ओटा यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी भेग पडली. तिच्यातून पाणी थेट घराच्या पायाशी उतरू लागलं. तिसऱ्या वर्षी तो ओटा फोडावा लागला.

दुसरा ओटा बांधायच्या आधी मी एक उन्हाळा आणि एक पावसाळा फक्त जागा पाहिली. खाली लिहिलेलं सगळं त्या वर्षात शिकलेलं आहे. हल्ली नव्या बंगल्यांत याच वस्तूला डेक म्हणतात, लोखंडी चौकटीवर लाकडाच्या पट्ट्या ठोकतात. वस्तू कोणतीही असो, अमरावती-अकोल्याकडे तिची जागा ठरवतात दोनच गोष्टी: दुपारी चारनंतरची सावली आणि खालची माती.

आधी वेळ ठरवा, मग जागा

ओट्यावर कोण, कधी बसणार हे घरातल्या सगळ्यांना विचारा. आमच्याकडे उत्तरं वेगवेगळी आली. बाबांना सकाळचा चहा आणि पेपर, आईला कुरडया-पापडांच्या वाळवणासाठी ऊन, मुलींना भुलाबाईची गाणी आणि कोजागिरीचं दूध, आणि सगळ्यांनाच उन्हाळ्यात रात्री जेवण झाल्यावर तासभर गार वारा. वाळवणाला लागतं दुपारचं कडक ऊन आणि बसायला लागते सावली, म्हणजे या दोन गरजा एका जागेत बसतच नाहीत. आम्ही वाळवण गच्चीवर नेलं आणि ओटा बसण्यासाठी ठेवला. हा निर्णय कागदावर रेघ ओढण्याआधी झाला पाहिजे, नाहीतर ओटा ना उन्हाचा होतो ना सावलीचा.

आकार बाजेवरून काढा. एक बाज साधारण ६ फूट बाय साडेतीन फूट. एक बाज, चार खुर्च्या आणि मधून चालायला वाट धरली तर १० बाय १२ फूट पुरतात. उंची दीड फूट ठेवा. कडेवर पाय सोडून बसता येतं आणि दोन पायऱ्यांत वर चढता येतं. गुडघे दुखणारं माणूस घरात असेल तर सहा सहा इंचांच्या तीन पायऱ्या करा.

अंगण कागदावर आणा

चौकटीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट. लांब टेपनं घर, कंपाउंडची भिंत, मागचं दार, खिडक्या, कूलरची जागा, पाण्याची टाकी, बोअर, सेप्टिक टाकी आणि तिची चेंबरं, सांडपाण्याचा पाइप, झाडांची खोडं आणि त्यांच्या फांद्यांचा घेर, वरून जाणारी विजेची तार, हे सगळं मांडा. पाइप कुठून गेलाय ते आठवत नसेल तर चेंबरचं झाकण उघडून दिशा पाहा. अंदाजानं रेघ ओढू नका.

उत्तर दिशा मोबाइलवरून घेऊ नका. भिंतीतल्या आणि फाटकातल्या लोखंडामुळे त्यातली सुई चुकते. हिवाळ्यात एक सरळ काठी ओळंब्यात उभी करा आणि दुपारी बारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली जिकडे पडते ती खरी उत्तर. आपल्याकडे ती वेळ सव्वाबाराच्या आसपास येते, कारण आपली घड्याळं चालतात त्या रेखांशाच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत. हे मे-जूनमध्ये जमत नाही. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात दुपारचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाशीच जाते.

सावली फक्कीनं आखा

या पायरीला घाई करू नका. चुन्याची फक्की घ्या आणि सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि सहाला सावलीची कड जमिनीवर आखा, लगेच कागदावर उतरवा. एकदा डिसेंबरच्या शेवटी, एकदा मेच्या शेवटी. जमलं तर मार्चमध्येही.

आकड्यांचा अंदाज असा. मेच्या अखेरीला दुपारी चारला १० फूट उंच भिंतीची सावली पूर्वेला सुमारे १२ फूट जाते, पाचला २० फुटांच्या पुढे. म्हणजे घराच्या पूर्वेला, भिंतीपासून तीन फुटांवर सुरू होणारा १० फूट रुंद ओटा चारच्या ठोक्याला जवळजवळ पूर्ण सावलीत असतो आणि साडेचारला पूर्णच. रात्री नऊपर्यंत फरशी निवलेली असते. पश्चिमेला याच्या अगदी उलट. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेचा दगड दुपारी एकपासून मावळतीपर्यंत तापतो आणि ती धग अंधार पडल्यावरही बाहेर टाकत राहतो. आमच्या पहिल्या ओट्याची हीच गत होती. मग आम्ही त्यावर बादल्या ओतत असू. त्या पाण्यानं पुढे काय केलं ते पाण्याच्या भागात येईलच.

पूर्वेला जागा नसेल तर माझी दुसरी पसंती दक्षिण. लोक दक्षिणेला उन्हाची बाजू समजून घाबरतात, पण आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य दक्षिणेला जातच नाही म्हटलं तरी चालेल. तो डोक्यावरून जातो आणि संध्याकाळी पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला, वायव्येकडे मावळतो. त्यामुळे घराची संध्याकाळची सावली पूर्वेबरोबर थोडी दक्षिणेकडेही वळते. हिवाळ्यात मात्र दक्षिणेला दिवसभर कोवळं ऊन मिळतं. बाजरीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन जानेवारीत बसायला यापेक्षा चांगली जागा नाही.

उत्तरेची बाजू मी सगळ्यात शेवटी धरतो. डिसेंबरमध्ये दुपारी बारालाही १० फुटी भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ १० फूट पडलेली असते, त्यामुळे हिवाळाभर तिथली जमीन ओलसर आणि थंड राहते. जूनमध्ये मात्र संध्याकाळचं तिरपं ऊन तिथे पोचतं.

मागचं अंगण पश्चिमेलाच असेल, आणि अनेकांचं असतं, तर झाडाशिवाय उपाय नाही. पण झाड नेमकं कुठे? पश्चिमेला किंवा नैऋत्येला लावलं तर मे-जूनच्या संध्याकाळी ते उपयोगी पडत नाही, कारण त्या दिवसांत मावळता सूर्य पश्चिमेपासून २० ते २५ अंश उत्तरेकडे असतो. झाड ओट्याच्या वायव्य अंगाला हवं. मोठ्या नर्सऱ्यांतूनही हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

खड्डा खणून माती विचारा

ओट्यासाठी दोन-तीन जागा मनात आल्या की प्रत्येक ठिकाणी तीन फूट खोल, पहार फिरेल एवढा रुंद खड्डा घ्या. वरचा थर भराव असेल. घर बांधताना उरलेल्या विटांचे तुकडे, रेती, प्लास्टिक निघेल. त्याखाली काळी माती किती आणि मुरूम कुठे लागतो ते मोजा. आमच्या अंगणात दोन खड्ड्यांत १५ फुटांचंच अंतर होतं. एकात सव्वादोन फुटांवर पिवळसर मुरूम लागला, दुसऱ्यात तीन फुटांपर्यंत नुसती काळी. या एका गोष्टीवरून आमची जागा पक्की झाली.

काळी माती हलते म्हणजे काय, हे घरच्या घरी बघता येतं. खड्ड्यातली माती वाळवून कुटा, बारीक चाळणीनं चाळा. औषधाच्या दोन सारख्या, सरळ, पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत सारखीच दोन चमचे माती टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल ओता, चांगलं ढवळा आणि २४ तास राहू द्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींची उंची पट्टीनं मोजली की आपली माती किती फुगते ते डोळ्यांना दिसतं. प्रयोगशाळेतही मूळ पद्धत हीच असते, तिथे १० ग्रॅम माती आणि १०० मिलिलिटरची मापनळी वापरतात. मी दोन्ही खड्ड्यांतल्या मातीच्या बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या होत्या. मुरूम न लागलेल्या खड्ड्यातली काळी पाण्यात दीडपटीच्याही वर गेली. आई त्या बाटल्यांकडे बघून म्हणाली, "एवढंसं पाणी पिऊन हे होतं, त मग पावसाळ्यात काय होत असंन रे."

होतं ते असं. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकण खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना वेगळं ढकलतं. उन्हाळ्यात तेच पाणी उडून गेलं की माती आक्रसते आणि शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया खोल असतो, ओट्याचा उथळ. ओली-सुकी होताना दोघं सारखे हलत नाहीत, आणि त्यांना सिमेंटनं जोडलं की जोडच फाटतो. म्हातारा मजूर सांगत होता ते हेच.

म्हणून ओटा घराच्या भिंतीपासून तीन फूट सुटा ठेवा. मधल्या पट्टीत फरशी घालून तिला घरापासून दूर उतार द्या आणि ओट्याच्या कडेनं एक उथळ नाली काढा. ज्यांना चिकटवल्याशिवाय चालणारच नाही त्यांनी निदान एक इंचाचा मोकळा सांधा ठेवावा आणि तो सिमेंटनं नव्हे, लवचीक सीलंटनं भरावा. पण माझं मत स्पष्ट आहे: चिकटवू नका.

ओट्याखालची काळी माती दीड ते दोन फूट काढून टाका, ओट्याच्या सगळ्या बाजूंनी एक फूट जास्तच काढा, आणि त्या जागी चांगला, थोडा चिकट मुरूम सहा सहा इंचांच्या थरात पाणी शिंपडून धुम्मसानं ठोका. रेती भरू नका. रेतीच्या थरात पाणी साठतं आणि खालच्या काळीला पाजत राहतं. न फुगणाऱ्या पण चिकट मुरुमाचा थर वर दिला की काळी माती शांत राहते, हे मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं. देशातल्या अनेक कालव्यांच्या अस्तराखाली हीच पद्धत वापरतात. ओट्याला कालव्याइतका जाड थर लागत नाही, तत्त्व मात्र तेच.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूला, जागा निवडताना आणखी एक गोष्ट बघा. जुन्या कंपाउंडच्या भिंतीला बुडाशी पांढरा खार किती वर चढलाय? जिथे कमरेपर्यंत लोणा लागलेला दिसतो तिथे विटांचा ओटा दोन वर्षांत पोपडे टाकतो. अशा ठिकाणी उंचवट्याची जागा घ्या, पायथा काळ्या दगडाचा करा, आणि सिमेंट कालवायला बोअरचं खारं पाणी अजिबात वापरू नका. नळाला पाणी येईल तेव्हा पिंपं भरून ठेवा. यात आळस केला तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

पाणी कुठून कुठे जातं

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा. गच्चीचं पाणी कुठल्या पाइपानं उतरतं, कुठे साचतं, पाऊस थांबल्यावर किती वेळानं आटतं, ते कागदावर निळ्या रेघांनी काढा. दोन तासांनंतरही जिथे पाणी उभं असतं ती जागा बाद. भर घालून ती उंच करता येईल असं वाटतं, पण मग तेच पाणी शेजाऱ्याच्या किंवा आपल्याच घराच्या पायाकडे वळतं.

पावसाचं पाणी सगळ्यांना दिसतं. उन्हाळ्याचं पाणी कुणी धरत नाही, आणि आपल्याकडे ते जास्त घातक आहे. खिडकीतल्या कूलरमधून एप्रिल ते जून रोज थेंब थेंब पाणी ठिबकतं. नळ काही दिवसांआड येतो म्हणून टाकी भरून वाहते. संध्याकाळी सडा टाकतात. सगळं अंगण वाळून भेगाळलेलं असताना फक्त त्या दोन-तीन ठिकाणची माती फुगलेली असते. ओट्याचा एक कोपरा अशा जागेवर आला की तोच कोपरा वर उचलला जातो आणि फरशी तिरपी चिरते. आमच्या पहिल्या ओट्यावर आम्ही ओतलेल्या बादल्यांनी हेच केलं होतं. कूलर आणि ओटा यांच्यात किमान सहा फूट ठेवा आणि कूलरच्या पाण्याला नळी लावून ते झाडाकडे न्या.

ओट्याच्या वरच्या पृष्ठाला १० फुटांत दोन इंच उतार पुरतो, घराच्या उलट दिशेला. पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून बघा, नुसत्या नजरेनं बघू नका.

निंबाखाली, पण किती लांब

परसात आधीच मोठा निंब असेल तर तुम्ही नशीबवान आहात. निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि उन्हाचा कडाका सुरू होईपर्यंत पुन्हा हिरवागार होतो. नेमकी हवी तेव्हा सावली. पण मोठं झाड काळ्या मातीतलं पाणी ओढून घेतं आणि मुळांच्या घेरात माती जास्त आक्रसते. घरासाठी झाड आपल्या उंचीइतकं लांब असावं म्हणतात. ओट्यासाठी एवढं ताणायची गरज नाही, कारण सुटा, हलका ओटा थोडा हलला तरी घराला काही होत नाही. खोडापासून सात-आठ फूट सोडा, फांद्यांच्या घेरातच राहा. बोटभर जाडीच्या पुढचं मूळ लागलं तर तोडू नका, ओटा एक-दोन फूट सरकवा. खोडाभोवती माती चढवून पार करायचा मोह होतो, तोही टाळा. मुळांवर फूटभर भर पडली की झाड हळूहळू वाळतं.

जांभळाखाली मात्र नको. जून-जुलैत फरशीवर पडलेले डाग घासूनही जात नाहीत.

जमिनीखाली आणि डोक्यावर

सेप्टिक टाकीच्या झाकणावर किंवा पाइपावर ओटा येऊ देऊ नका. टाकी उपसायची गाडी आली की ओटाच फोडावा लागेल. बोअरच्या डोक्यावर मोकळी जागा हवी, कारण एक दिवस मोटार वर काढावी लागणारच. वरून ११ केव्हीची तार जात असेल तर ती जागा सोडाच. घरावरच्या अशा तारेलाही उभ्या दिशेनं ३.७ मीटर आणि आडव्या दिशेनं १.२ मीटर अंतर लागतं, आणि ओट्यावर उभा राहून हात वर करणारा माणूस लहान नसतो. साध्या घरगुती तारेखालीही ओटा नको, उद्या त्यावर कुणी छत्री किंवा लोखंडी मांडव उभा करील.

उघडा ओटा आणि छपराचा ओटा यांत नियमांचा फरक पडतो. प्लॉटच्या कडेनं सोडायच्या जागेत छप्पर टाकायचं असेल तर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत आधी विचारा.

लाकडी डेकचा विचार असेल तर परतवाड्याच्या बाजारात सागवान चांगलं मिळतं, पण जमिनीपासून चार-सहा इंच उचललेला, खाली पोकळ असा डेक मी आपल्याकडे सुचवणार नाही. त्या पोकळीत विंचू, साप आणि वाळवी यांची सोय होते. एकतर भरीव ओटा, नाहीतर खाली हात घालून झाडता येईल इतका, दोन फूट तरी उंच डेक.

दोरी, खुंट्या आणि बाज

शेवटी उरलेल्या एका जागेवर चार खुंट्या ठोका, दोरी बांधा, कोपरे तीन-चार-पाचच्या मापानं गुण्यात आणा आणि फक्की टाका. मग मिस्त्रीला लगेच बोलावू नका. त्या चौकोनात बाज आणि दोन खुर्च्या टाका आणि आठवडाभर तिथेच बसा. सकाळचा चहा तिथे, रात्रीचं बोलणं तिथे. शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी समोर येते का, मागच्या दारातून ताट घेऊन जाताना वळसा पडतो का, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांत येतो का, पश्चिमेचा वारा कंपाउंडच्या भिंतीनं अडतो का, हे नकाशात दिसत नाही. आमचा चौकोन या आठवड्यात दोनदा सरकला. एकदा चार फूट दक्षिणेला, कारण घराच्या कोपऱ्यावरून येणारा वारा तिथेच लागत होता. आणि एकदा फूटभर पूर्वेला, निंबाच्या एका मुळासाठी.

बांधकाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढा. तेव्हा माती ना भर पावसासारखी फुगलेली असते ना मेसारखी आक्रसलेली. मिस्त्री आला की त्याला नकाशा द्या, खड्डे दाखवा, आणि घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर स्वतः उभे राहून सांगा की दोरी इथून सुरू होईल.